पाण्यातील चोवीस मिनिटे

स्पर्धा आटोपल्यावर हाती येणारा वेळेचा तक्ता हाच हौशी खेळाडूचा खरा परीक्षक असतो. स्नेह्यांच्या शाबासकीत ममतेचा अंश असतो, स्वतःची स्मृती सुखावह तेवढेच जपून ठेवते, आणि अंतिम रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडतेच. परंतु कागदावरील मिनिटांना आणि सेकंदांना माणसाचे वय, त्याची नोकरी, त्याची पहाटेची तपश्चर्या यांपैकी कशाचेही सोयरसुतक नसते, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याला आपल्या शरीराविषयी, आपल्या शिक्षणाविषयी आणि ज्या गावात आपण वाढलो त्या गावाविषयीही बरेच काही उमगते. कोल्हापुरात झालेल्या एका लहान अंतराच्या ट्रायथलॉनमधील माझा तक्ता मी याच हेतूने वाचकांपुढे ठेवीत आहे; त्यातील हिशेब माझ्या एकट्याचा नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

ट्रायथलॉन म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे अतिमानवी कष्टांचे चित्र उभे राहते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिक येथे पूर्ण केलेली ३.८ किलोमीटर पोहण्याची, १८० किलोमीटर सायकलीची आणि त्यावर ४२ किलोमीटर धावण्याची स्पर्धा, किंवा २०१९ साली गोव्यात प्रथम भरलेली त्याच्या निम्म्या अंतराची आयर्नमॅन, यांची वर्णने वर्तमानपत्रांतून येऊन गेलेली असल्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. परंतु याच खेळाचे एक लहान रूप आहे, ज्याला स्पर्धक मंडळी ‘स्प्रिंट’ म्हणतात: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे, आणि आरंभापासून शेवटपर्यंत न थांबणारे एकच घड्याळ. चाळिशी उलटलेल्या, पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून पहाटेचा तासभर स्वतःसाठी काढणाऱ्या माणसाच्या आवाक्यात हे अंतर निश्चित येते, आणि त्यातच या खेळाचे लोकशाही सौंदर्य सामावलेले आहे, असे मला मनापासून वाटते.

तर तो तक्ता असा. पोहण्यास २४ मिनिटे, सायकलीस ४२, धावण्यास २८, आणि पाण्यातून सायकलीकडे व सायकलीवरून धावण्याकडे वळण्याच्या दोन ट्रान्झिशनांत मिळून ६. एकंदर १ तास ४० मिनिटे. सायकलीवर मी पुष्कळांना मागे टाकले, धावताना त्याहूनही अधिकांना. परंतु तळ्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या मागे फारच थोडे लोक उरले होते. पोहण्याचे अंतर एकूण पल्ल्याच्या शंभरात तीन हिश्शांइतके, आणि त्याने माझ्या वेळेचा मात्र जवळजवळ चौथा हिस्सा घेतला. पट्टीचे स्पर्धक ही सारी स्पर्धा तासाच्या आत संपवतात आणि पाण्यात त्यांची नऊ-दहा मिनिटेच जातात. सायकलीत आणि धावण्यात त्यांचे नि माझे अंतर वयाचे, अनुवंशाचे आणि फुरसतीचे आहे, ते मी मुकाट्याने मान्य करतो. पाण्यातील अंतर मात्र निराळ्या जातीचे आहे, कारण ते शिक्षणाचे आहे.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन, आणि त्यातून पुढे सरकणाऱ्या देहाला होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा. त्यामुळे जमिनीवर ज्या ताकदीच्या जोरावर माणूस उणिवा भरून काढू शकतो, ती ताकद पाण्यात बव्हंशी फेसात वाया जाते. सायकल चालवणारा आपल्या शरीरात खर्ची पडणाऱ्या शक्तीचा पाचवा किंवा चौथा हिस्सा गतीत रूपांतरित करतो. पोहणाऱ्याला दहावा हिस्सादेखील साधत नाही. श्वास घेण्यासाठी मस्तक वर उचलले की कंबर आणि पाय खाली जातात, देह तिरपा होतो, तिरप्या देहाला पाणी दुप्पट जोराने अडवते, दम लागतो, दम लागला की मस्तक अधिकच वर येते, आणि पहिल्या शंभर मीटरांतच हे दुष्टचक्र पुरे होते. तोंड पाण्यात ठेवून सावकाश श्वास सोडणे आणि देहाला किंचित कुशीवर वळवून श्वास घेणे, एवढीच काय ती विद्या. परंतु ती बालवयात हाडांमासांत मुरली तर निःश्वासाइतकी सहज होते, आणि प्रौढपणी घोटायला बसले की वर्षे खाते.

आमच्या पिढीतील खानदेशच्या मुलांचे पोहणे विहिरीत झाले. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, कोणा काकाने नाहीतर थोरल्या भावाने कमरेचा दोर धरून वरून खाली सोडायचे, आणि चार दिवसांत भोपळा सुटला की मूल तयार झाले असे समजायचे. त्या शिक्षणाविषयी माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. पण विहिरीतले पोहणे हे वर्तुळातले पोहणे. डोके पाण्याबाहेर, दहा हातांवर पायऱ्या, आणि तळ कितीही खोल असला तरी भिंत सदैव जवळ. त्याने बुडण्याचे भय जाते, पाण्यातून मार्ग काढण्याची विद्या येत नाही. आता तीही रीत मावळत चालली आहे; जिथे तिथे बोअरवेल झाल्या, जुन्या विहिरी आटल्या वा बुजल्या, आणि भोपळा बांधून दोर धरणारा काका पोटासाठी सुरतेला गेला. मुलींना तर त्या रीतीचाही लाभ क्वचितच झाला, कारण विहिरीवरच्या त्या उघड्यावाघड्या मेळ्यात त्यांना जागाच नव्हती.

पायांची गोष्ट मात्र वेगळी. दिवाळीत अश्वत्थाम्याचे स्थान मानलेल्या अस्तंब्याच्या शिखराकडे जाणारे यात्रेकरू आमच्या तळोद्यावरून पुढे निघतात, आणि तेराशे मीटरांहून उंच असलेल्या त्या डोंगराची वाट रात्रंदिवस चालून उतरून येणारी तरुण पोरे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कोठारच्या पुढे चांदसैलीचा घाट सायकलीने चढणे, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत वाऱ्याच्या तोंडावर तासभर दामटणे, हीच माझी व्यायामशाळा. सायकलीवरून उतरताच धावण्याचा सराव, ज्याला ‘ब्रिक’ म्हणतात, तोही मी याच रस्त्यावर केला. पहिल्या अर्ध्या किलोमीटरात पाय परक्याचे वाटतात, मग आपले होतात. माझी सायकल आणि माझे धावणे बरे उतरले याचे श्रेय मी सातपुड्याला देतो. डोंगर माणसाला चालायला आपोआप शिकवतो, आणि ज्यांना पुढे नेणारा हात भेटला त्यांना तो फार दूरही पोचवतो: नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक घेऊन आली, ती अशाच पाड्यावरून. पाणी आपोआप शिकवत नाही. ज्या कोल्हापुरात मी पोहलो, तेथील वीरधवल खाडे यांनी त्याच २०१० साली आशियाई स्पर्धेत पदक मिळवले, ते त्या शहराला तळी लाभली एवढ्यामुळे नव्हे. लहान वयात पाण्यात उतरवणारी आणि उतरल्यावर शिकवणारी माणसे तेथे होती म्हणून.

आणि पाण्याची वाण आमच्या जिल्ह्यालाही नाही. दक्षिणेस तापी, तिच्यावर प्रकाशा आणि सारंगखेडा येथील बॅरेज. उत्तरेस नर्मदा, जी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीच्या सरदार सरोवरामुळे डोंगरांच्या घळींत शिरून एक प्रचंड, निश्चल, अथांग जलाशय होऊन बसली आहे. वाहत्या नदीचे उथळ काठ, तिचे दगड, तिचे उतार यांची पिढीजात ओळख असलेल्या पाड्यांच्या दारात आता ज्याचा ठाव लागत नाही असे पाणी आले, आणि बाजार, दवाखाना, सोयरीक या सर्वांसाठी त्यावरून नावेने जाणे भाग पडले. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भूषाजवळ भाविकांनी भरलेली नाव नर्मदेत उलटली आणि हसत निघालेल्या काही माणसांवर मृत्यूने झडप घातली. नावेवरील भार, जीवरक्षक जाकिटांची सक्ती, नावांची तपासणी हे सारे प्रश्न त्यात आहेत, आणि पोहता येणे हे त्यांपैकी कशाचेही उत्तर म्हणून मी पुढे करीत नाही. परंतु पाण्यात पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटे तरंगून काढता येणाऱ्यालाच मदतीचा हात मिळण्याची आशा असते, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

या खेळाच्या इतिहासातही या विचाराचा एक धागा आहे. आधुनिक ट्रायथलॉन २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे येथे प्रथम झाली. ४६ स्पर्धक होते, आणि त्या दिवशी आधी धावणे, मग सायकल आणि त्यानंतर पोहणे असा क्रम होता. पुढे पोहणे सर्वांत आधी आणले गेले, आणि ते शहाणपणाचे झाले, कारण थकलेला देह जमिनीवर फार तर बसकण मारतो, पाण्यात मात्र तो बुडतो. माणूस ताजातवाना असतानाच पाण्याशी त्याची गाठ घालून द्यावी, हे तत्त्व स्पर्धेला जसे लागू तसेच आयुष्यालाही लागू आहे. आणि आयुष्यातील ताजेपणाचा काळ म्हणजे शाळेचे वय.

यावर आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानीत नाही. ज्या जिल्ह्यात कुपोषणाची चिंता अजून संपलेली नाही, जेथे पावसाळ्यात घाट बंद पडून रुग्ण अडकतात, तेथे पोहण्याच्या शिक्षणाची मागणी हा खात्यापित्यांचा शौक नव्हे काय? फरशीबंद, निळ्याशार तरणतलावाची मागणी मी केली असती, तर हा आक्षेप मी शिरोधार्य मानला असता. परंतु बुडून मरणे हा गरिबांच्या वाट्याला येणारा मृत्यू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात, आणि त्यांतील बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली २५ जुलै हा दिवस या विषयासाठी राखून ठेवला. आणि त्याचा इलाजही गरिबाला परवडणारा आहे. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूंचे मंच आणि कुंपण उभारून, गावातल्याच माणसांना शिक्षक म्हणून तयार करून, मुलांना पोहणे शिकवण्यात आले. कसोटी एवढीच, की मुलाला २५ मीटर अंतर पोहून जाता यावे आणि काही काळ तरंगत राहता यावे. ७५० मीटर नव्हेत, २५ मीटर! बांबू आमच्या सातपुड्यात उगवतो, त्याचे काम करणारे कसबी हात आमच्याकडे आहेत, आणि पाण्याची सोय धरणांनी करूनच ठेवली आहे.

एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी तळोद्यातच आहे, आणि तिच्या अखत्यारीतील आश्रमशाळांच्या मुलामुलींच्या क्रीडास्पर्धा होतात; त्यांत कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यती पाहताना या मुलांच्या पायांतील वीज कोणाच्याही डोळ्यांत भरते. त्याच दप्तरातून, त्याच शिरस्त्याने, प्रत्येक आश्रमशाळेतील मुलांसाठी २५ मीटर पोहण्याच्या शिक्षणाची योजना मंजूर व्हावी, तिच्या खर्चाची तजवीज व्हावी आणि तिच्या अंमलबजावणीची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावे नोंदवली जावी, अशी माझी विनंती आहे. यात चुरस नको, क्रमांक नकोत. कोणाला पोहता आले आणि कोणाला अजून शिकायचे आहे, एवढीच नोंद पुरे. तालुक्यातील जे हौशी खेळाडू स्वखर्चाने दूरदूरच्या स्पर्धांना जातात, त्यांनी सुटीच्या दिवशी पाण्यात उभे राहून मुलांची हनुवटी धरावी. ते काम मी स्वतः आनंदाने पत्करीन, कारण ते करताना माझेही मस्तक पाण्यात ठेवण्याची सवय पक्की होईल.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. २०२० साली, महामारीच्या भयाने गरोदर बाया आणि लेकुरवाळ्या अंगणवाडीपर्यंत येईनाशा झाल्या, तेव्हा अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मासेमाराची नाव मागून घेतली आणि नर्मदेच्या जलाशयातून स्वतः वल्हवीत त्या पाड्यांवर पोषण आहार पोचवत राहिल्या. सहनशक्तीच्या ज्या कसोटीसाठी आम्ही हौशी मंडळी शुल्क भरतो, ती या बाईंनी कर्तव्य म्हणून दिली, आणि तीही ज्या पाण्यावर चूक झाली तर क्षमा नाही अशा पाण्यावर. काठावर धुणे घेऊन जाणारी, हंडा भरणारी, कडेवर मूल घेऊन नावेत बसणारी बाईच असते. आणि विहिरीच्या जुन्या शाळेने तिलाच वगळले होते. म्हणून पहिली तुकडी मुलींची असावी, शिकवणाऱ्या बायकाच असाव्यात, त्यांना योग्य मानधन आणि मुलींना अंगभर पोशाख प्रकल्पातून मिळावा, आणि आरंभ दिवाळीनंतर व्हावा, कारण तोवर पुराची ओढ ओसरलेली असते, गाळ खाली बसलेला असतो आणि थंडी बोचू लागण्यास अजून पंधरवडा असतो.