कॅमेऱ्याला काचेची जोड: काय घ्यावे, काय टाळावे?

चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर पहाटे साडेपाचपासूनच वर्दळ सुरू होते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसाला सूर्य समुद्रात बुडताना पाहायची सवय. इथे तो समुद्रातून वर येतो. त्यामुळे बदली होऊन या शहरात आलेली मराठी कुटुंबे पहिल्याच आठवड्यात कॅमेरा घेऊन किनारा गाठतात. आजी-आजोबा, मुले, मागे लाल गोळा, अशी सारी जुळवाजुळव होते. घरी येऊन फोटो पाहावेत तर आभाळ सुरेख आणि माणसे काळीठिक्कर. नाहीतर माणसे ठीक आणि आभाळ धुतलेल्या धोतरासारखे पांढरे!

मग कोणीतरी सल्ला देतो, ‘फिल्टर घ्या.’ दुकानात गेले की विक्रेता समोर डझनभर डब्या मांडतो. शे-दोनशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंतच्या काचा असतात. चार-पाच घरी येतात आणि त्यांतल्या तीन कपाटातच राहतात. हा खर्च टाळायचा तर कोणती काच काय करते आणि काय करू शकत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

जुनेच दुखणे

आभाळ पांढरे पडण्याची तक्रार चेन्नईत नवी नाही. १८५६ मध्ये मद्रास सरकारने कॅप्टन लिनियस ट्राइप याची छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. त्याने श्रीरंगम, मदुराई, तंजावर येथील मंदिरांची अप्रतिम छायाचित्रे काढली. त्या काळचा कागदी निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत असे. त्यामुळे दगडातले बारकावे उमटेपर्यंत आभाळ कोरे होऊन जाई. ट्राइपने यावर उपाय काढला. तो निगेटिव्हवर रंगाने ढग काढी! आज आपल्या हाती डिजिटल कॅमेरा आहे, पण उजळ आभाळ आणि अंधारी जमीन एकाच चित्रात सांभाळण्याची कसरत तीच आहे.

आता ज्यांची गरज उरली नाही

फिल्मच्या दिवसांत निळे, पिवळे, केशरी, जांभळट असे कितीतरी फिल्टर लागत. बल्बच्या उजेडात फोटो पिवळे येत, ट्यूबलाइटखाली हिरवट. ते दुरुस्त करायला रंगीत काच हाच मार्ग होता. डिजिटल कॅमेऱ्यात हे काम ‘व्हाइट बॅलन्स’ करतो. कृष्णधवल चित्रात आभाळ गडद करणारा लाल फिल्टरही आता संगणकावर साधता येतो. तेव्हा रंगीत फिल्टरांचा संच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

यूव्ही फिल्टरची गोष्टही अशीच. फिल्मवर अतिनील किरणांमुळे दूरचे दृश्य धूसर दिसे, म्हणून तो लावत. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे हे किरण अडवणारा थर आधीच असतो. म्हणजे आज यूव्ही फिल्टरने फोटो सुधारत नाही. मात्र तो लेन्सचे रक्षण करतो. मरिना, बेझंटनगर किंवा मामल्लपुरम येथे वाऱ्याबरोबर वाळू आणि खारे तुषार येतात. तिथे लेन्सपेक्षा फिल्टर पुसणे केव्हाही परवडते.

इथे एक मेख आहे. हलक्या प्रतीच्या काचेने फोटो फिका पडतो. रात्री तर दिव्यांची भुतासारखी दुसरी प्रतिमा चित्रात उमटते. म्हणून कार्तिकातल्या दिव्यांच्या रांगा टिपताना किंवा रंगमंचावरच्या झगझगीत प्रकाशात मुलीचे अरंगेत्रम टिपताना लेन्सवरची सगळी काच काढून ठेवावी. असा सोहळा आयुष्यात एकदाच होतो. तो बिघडला तर पुन्हा काढता येत नाही.

एकच घ्यायचा असेल तर

एकच फिल्टर घ्यायचा झाला तर पोलरायझर घ्यावा. त्याचे काम संगणकावर पुरतेपणी करता येत नाही. पाण्यावरची, काचेवरची, ओल्या पानांवरची चकाकी तो कापतो आणि निळे आभाळ गडद करतो. लेन्सवर बसवून तो फिरवायचा आणि चित्र हवे तसे दिसले की थांबायचे. दुकानात ‘सर्क्युलर पोलरायझर’ असे सांगावे. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस व प्रकाशमापन बिनचूक राहण्यासाठी हाच प्रकार लागतो.

पण तो कुठेही चालत नाही. त्याचा जोर सूर्याशी काटकोनात असलेल्या आभाळावर सर्वाधिक असतो. तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा ताठ बाहेर काढावा आणि मनगट फिरवावे. अंगठा जिथून जिथून जाईल तिथले आभाळ सर्वांत गडद होईल. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचे उदाहरण घेऊ. त्याचे मोठे गोपुर पूर्वेला आहे. सकाळी त्याच्यासमोर उभे राहिले की सूर्य आपल्या पाठीशी येतो. गोपुरावरच्या मूर्ती सुरेख उजळतात, पण पोलरायझरचा आभाळावर काही परिणाम दिसत नाही. तेच गोपुर उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूने टिपले तर आभाळ गर्द निळे होते. फिल्टर बिघडला असे समजून दुकानदाराशी भांडायला जाण्यापूर्वी सूर्य कुठे आहे ते पाहावे!

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हा फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो. त्यामुळे कमी उजेडात हात हलून फोटो पुसट येतो. दुसरी, तो चकाकी कापतो म्हणजे हवी असलेली चकाकीही कापतो. कांजीवरम साडीचा रेशमी तजेला फोटोत हवा असेल तर तो काढून ठेवावा. तिसरी, धातूवरची चमक त्याला हटवता येत नाही. तंजावर चित्रावरच्या काचेतले प्रतिबिंब तिरकस उभे राहिल्यास जाईल, पण सोन्याच्या वर्खाची लकाकी तशीच राहील.

घरातल्या पूर्वजांच्या फ्रेम केलेल्या तसबिरींची प्रत काढतानाही हेच कामी येते. नेमके समोर उभे राहिले तर पोलरायझर निरुपयोगी ठरतो. तिरकस उभे राहावे तर चेहरा वाकडा येतो. त्यापेक्षा तसबीर खिडकीजवळ अशी ठेवावी की उजेड बाजूने येईल. आपल्या मागे काळी चादर टांगावी आणि फ्लॅश बंद ठेवावा. म्हणजे काचेत प्रतिबिंबच पडत नाही. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

लाटांचे धुके

‘एनडी’ म्हणजे नुसती राखाडी काच. ती रंग न बदलता प्रकाश कमी करते. एनडी-८ तीन स्टॉप, तर एनडी-१००० सुमारे दहा स्टॉप प्रकाश अडवतो. जिथे एक सेकंदाचा साठावा भाग पुरला असता तिथे मग सुमारे सोळा सेकंद लागतात. एवढ्या वेळात लाटा विरघळून धुक्यासारख्या दिसतात आणि किनाऱ्यावरचे खडक तेवढे ठाम उभे राहतात. यासाठी ट्रायपॉड हवाच. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावावा. मामल्लपुरमसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत मात्र ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी लागते. तसेच मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूतील मंदिरांत मोबाइल फोन नेण्यास बंदी करण्याचा आदेश दिला. म्हणून आत जाण्यापूर्वी दारावरची पाटी पाहावी आणि चौकशी करावी.

अर्धी काच राखाडी आणि अर्धी स्वच्छ असा ‘ग्रॅज्युएटेड एनडी’ सूर्योदयासाठी उत्तम. राखाडी भाग आभाळावर आणायचा. मरिनावर क्षितिजाची रेघ सरळ असल्याने तो छान बसतो, पण मंदिरासमोर गोपुराचे टोकही काळे होते. समोर माणसे उभी असतील तर याहून सोपा उपाय म्हणजे मंद फ्लॅश. सुरुवातीची तक्रार, काळीठिक्कर माणसे, एवढ्यानेच दूर होते.

एक इशारा इथेच द्यायला हवा. २६ डिसेंबर २०१९ रोजी तामिळनाडूतून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसले. २१ मे २०३१ रोजी दक्षिण भारतातून पुन्हा तसा योग आहे. अशा वेळी एनडी-१००० लावून कॅमेऱ्याच्या खिडकीतून सूर्याकडे मुळीच पाहू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. त्यासाठी खास सूर्य-फिल्टरच हवा आणि तो लेन्सच्या पुढे बसवायचा असतो.

स्वस्त आणि मस्त

सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक गुण देणारी वस्तू म्हणजे लेन्स हूड. तिरपे ऊन लेन्सवर पडू न देता तो रंग भरदार ठेवतो, शिवाय धक्काही झेलतो. अनेक जण तो उलटा बसवूनच फिरतात. त्याचा उपयोग तेव्हा शून्य असतो.

मार्गळीच्या महिन्यात पहाटे दारोदारी कोलम रेखाटले जातात. त्यातला एखादा ठिपका, मोगऱ्याचा गजरा किंवा आईची नथ जवळून टिपायची असेल तर ‘क्लोज-अप’ भिंग घ्यावे. ते +१, +२, +४ अशा आकड्यांनी ओळखतात. लेन्स दूरवर फोकस केलेली असताना +२ लावल्यास अर्ध्या मीटरवरचे, +४ लावल्यास पाव मीटरवरचे स्पष्ट दिसते.

खरेदीआधी व्यास पाहावा. लेन्सवर लिहिलेले ५० मिलिमीटर म्हणजे फिल्टरचा आकार नव्हे. वर्तुळावर तिरपी रेघ असलेल्या चिन्हापुढचा ५२, ५८, ६७ किंवा ७७ हा आकडा खरा. घरात दोन-तीन लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंगा आणाव्यात.

खरा शत्रू दमट हवा

हजारोंची लेन्स खराब होते ती बहुधा पडून नव्हे, तर कपाटात राहून. चेन्नईची हवा बाराही महिने दमट. त्यातून ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते. मग पुसूनही काही निघत नाही.

यासाठी हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र एवढे पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. जेलचा रंग बदलला की ते मंद ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. मात्र त्याचे भांडे स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळे असावे आणि पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. समुद्रावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवावी. मग द्रवाचा थेंब कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसावे. पदराने किंवा शर्टाच्या टोकाने कधीही नाही!

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी हूड आणि हवाबंद डबा, मग चांगला पोलरायझर, आणि हौस वाढली तर ट्रायपॉड व एनडी. बाकीच्या डब्या दुकानातच राहू द्याव्यात. वाचलेल्या पैशांत आजी-आजोबांना घेऊन आणखी एक पहाट मरिनावर नक्की काढता येईल.