खुराक

अप्रेझलचं पत्र हातात पडलं, त्याच संध्याकाळी वरोऱ्याहून मामेभावाचा फोन. "दादा, या महिन्यात पैसे नको पाठवू. मी मॅनेज करून रायलो." आवाजावरूनच कळलं, मॅनेज-बिनेज काही होत नाहीये.

भाऊ कुस्ती खेळतो. वय २२. त्याच्या दूध-बदाम-अंड्यांचे ३ हजार मी दर महिन्याला पाठवतो. दोन वर्षं झाली, पदक शून्य. खरं सांगू? पत्रातला आकडा पाहून (६ टक्के, हसू नका!) ही 'इन्व्हेस्टमेंट' बंद करावी असं माझ्याही मनात आलं होतं.

झोप येईना, म्हणून सुमोबद्दल वाचत बसलो. आपल्याला वाटतं, ही जाडजूड मंडळी खाऊन-पिऊन सुखी असतील. पण जपानमधल्या साधारण ६०० व्यावसायिक सुमो पैलवानांपैकी महिन्याचा पगार मिळतो तो फक्त वरच्या दोन श्रेणींतल्या ७० जणांना. या दोहोंतली धाकटी श्रेणी ज्यूर्यो. तिथे महिना ११ लाख येन. त्याच्या एक पायरी खाली पगार नाही, स्पर्धेपुरता भत्ता. वर्षाला ६ मोठ्या स्पर्धा, म्हणजे दर दोन महिन्यांनी अप्रेझल! जास्त कुस्त्या हरलात की घसरलात, ज्यूर्योतून घसरलात तर पगारही गेला. दुखापत होऊन बसलात, तर त्याही कुस्त्या हरल्यातच जमा.

तरी बिनपगारी पोरगा उपाशी राहत नाही. तो 'हेया'त, म्हणजे उस्तादाच्या तालमीत राहतो. झाडलोट करतो, स्वयंपाक करतो आणि थोरांची पंगत उठली की 'चांको'च्या त्याच पातेल्यातून जेवतो. बहुतेक जण पगारापर्यंत पोचतच नाहीत. पातेलं मात्र रोज चुलीवर चढतं.

आपल्याकडे हे पातेलं कोण चढवतं? खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथवर पोचता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. पदकाची गॅरंटी त्यांना कोणी दिली होती? आणि पदकानंतर तरी काय, १९५५ मध्ये खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. घर चालवायला नोकरीच करावी लागली.

मी काही घर गहाण ठेवलेलं नाही. माझे ३ हजार म्हणजे वीकेंडची दोन हॉटेलं आणि एक मल्टिप्लेक्स.

सकाळी पैसे पाठवले आणि फोन केला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "यंदा होऊनच जाते दादा, पाहजो तू."

मागच्या वर्षीही हेच म्हणाला होता.