ऑफिसलाही तीच, ट्रॅकवरही तीच: कार निवडताना आधी पिकअप विचारू नका

सोमवार ते शुक्रवार ऑफिस, महिन्यातून एखादा रविवार ट्रॅक, आणि दोन्हीकडे एकच कार. असं स्वप्न असलेला तरुण शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतो, 'पिकअप कसा आहे?' आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: ही गाडी ट्रॅकवर ठोकली, तर झळ सोसता येईल का?

कारण विमा. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसतं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरायचं, हेल्मेट घालायचं आणि बंद सर्किटवर आपली गाडी पळवायची, एवढंच. पण दावा करताना हा युक्तिवाद चालेल या भरवशावर राहू नका. गाडी गेली तरी कर्जाचे हप्ते चालूच राहतात. म्हणून सात वर्षांच्या कर्जावर घेतलेली नवी कोरी कार ट्रॅकवर नेण्याच्या आम्ही विरोधात आहोत.

मग कोणती घ्यायची?

हलकी. गाडी ताशी १२० किमीवरून ६० वर आणताना ९०० किलोच्या कारच्या ब्रेकना साधारण ३७५ किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते, तर १,२५० किलोच्या कारला सुमारे ५२०. हे प्रत्येक लॅपमध्ये अनेकदा होतं. सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि शेवटी ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल थेट खाली जातं. ताज्या डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, पण हवेतला ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आपल्याकडे एक पावसाळा काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे वेडेपणा. ते बदलायला इंजिन ट्यूनिंगच्या तुलनेत किरकोळ खर्च येतो, तरी लोक आधी ट्यूनिंगच करतात!

त्यामुळे नवशिक्यासाठी आमची पसंती जुन्या, मॅन्युअल स्विफ्टला. २०२१ नंतरच्या तिसऱ्या पिढीत ९० पीएसचं चार सिलिंडर इंजिन मिळतं; २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये ते तीन सिलिंडरचं, ८२ पीएसचं झालं. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. जास्त दम हवा असेल तर ११० पीएसची पोलो १.० टीएसआय आहे, मात्र पोलोची विक्री २०२२ मध्येच थांबली, त्यामुळे सर्व्हिसचा इतिहास तपासूनच घ्या. नवीच हवी असेल तर १२० पीएसची आय२० एन लाइन. एन लाइनला मागेही डिस्क ब्रेक आहेत, ही जमेची बाजू. व्हर्टस जीटीचं १५० पीएसचं इंजिन मोहात पाडतं, पण वर दिलेला १,२५० किलोचा हिशेब साधारण तिच्याच वजनाचा आहे.

मोठे अलॉय आणि खाली बसवलेलं सस्पेन्शन टाळा. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे पातळ टायरला माफ करत नाहीत. शिवाय नोंदणीतल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे.

अंतराचाही विचार करा. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे पुण्याहून साधारण १,२०० किमी, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईही लांबच, आणि ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किमीचं बुद्ध सर्किट आणखी दूर. ज्या टायरवर लॅप मारले, त्याच टायरवर घरी परतायचं आहे. तेव्हा ब्रेक पॅडचा जास्तीचा सेट डिकीत असू द्या आणि निघण्याआधी चाकांचे नट पुन्हा आवळा.

आणि हो, लॅप संपवून पिटमध्ये आल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नका, ब्रेक तापलेले असतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.