खाडी बघा, मग कयाक बघा

मंडळी, सध्या आमच्या गोतावळ्यात कयाकची साथ आली आहे. दोन भाचे, एक पुतण्या आणि पुतण्याचा एक मित्र अशा चौघांनी मला चार कयाकची चित्रे पाठवून "काका, यातली कुठली घेऊ?" असे विचारले आहे. हमरापूरला येऊन आपल्या खाडीत गळाने जिताडा धरायचा असा बेत आहे. बेत उत्तम आहे. चित्रे मात्र सगळी चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो.

चौघांचाही पाया एकच. एका ऑस्ट्रेलियन माणसाचा व्हिडिओ. तो पायाने पेडल मारत जातो, हातात गळ, समोर पाण्याखालचे मासे दाखवणारा छोटा टीव्ही, आणि पाच मिनिटांत हातभर बारामुंडी बाहेर. आता ही बारामुंडी म्हणजे आपला जिताडाच बरं का! शास्त्रीय नाव एकच, लॅटिस कॅल्करिफर. त्यामुळे पोरांचा समज झाला की मासा तोच, तर होडीही तीच पाहिजे. मासा तोच आहे हो, पण खाडी ती नाही. होडी माशाला बघून घ्यायची नसते, पाण्याला बघून घ्यायची असते. पाण्याइतकीच चिखलाला बघून.

कयाक ज्यांची, त्या उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांकडे ही वस्तू दुकानात मिळतच नसे. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे, आणि सगळे माप शिकाऱ्याच्या अंगाचे. लांबी त्याच्या पसरलेल्या हातांच्या तिप्पट, बसायच्या जागेची रुंदी कंबर अधिक दोन मुठी, असा हिशेब सांगतात. शिंप्याकडे सदरा शिवावा तशी ती होडी शिवली जाई. ज्या वस्तूचा जन्मच मापातून झाला, ती आपण 'पाच तारे मिळालेत' एवढ्यावर मागवतो.

तर आपले माप काय? आपली खाडी म्हणजे धरमतरची खाडी आणि तिला मिळणारी पाताळगंगा, भोगावती, अंबा यांची तोंडे. इथे दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. मोठ्या उधाणाला मुंबईकडे भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड मजला पाणी चढते आणि दीड मजला उतरते. ते उतरले की उघडा पडतो तो चिखल. गुडघाभर म्हणून पाय टाकावा तर मांडीपर्यंत जातो. ऑस्ट्रेलियन काका सिमेंटच्या उतारावरून गाडीच्या ट्रेलरने कयाक पाण्यात सोडतात. आपल्याकडे खारबंदिस्तीचा बांध, बांधाखाली तिवरे, तिवरांपुढे चिखल आणि मग पाणी. तिवरे तोडून वाट करू म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवन तोडायला राज्यभर मनाई केली आहे. आणि न्यायालय नसते तरी मी तोडू दिली नसती, कारण ती गेली की पुढच्या उधाणाला बांध जातो आणि बांध गेला की शेत खारे होते.

म्हणून पहिला प्रश्न वजनाचा. पायाने चालवायची बारा-तेरा फुटी कयाक सगळ्या सामानासकट चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते. दहा फुटी साधी वल्ह्याची कयाक पंचवीसच्या आसपास. चिखलातून ही ओझी ओढून बघा, मग बोला. पंचवीस किलो दोघांनी उचलता येते आणि वेळ आली तर एकट्याने ओढता येते. पन्नास किलो चिखलात रुतले की तो किनाऱ्यावरचा बाक होतो.

पेडलचे दुसरेही एक दुखणे आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या होबी कंपनीने पायाने हलवायच्या वल्ह्यांची यंत्रणा बाजारात आणली. कल्पना हुशारीची, नाकारत नाही. हात मोकळे राहतात, गळ टाकता येतो. पण ते पंख किंवा पंखा तळाखाली लोंबतो, आणि आमच्या खाडीत चिखल, बुडालेली लाकडे आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे जाळी आहेत. त्या जाळ्यांवर कुणाचे तरी घर चालते. रविवारी हौसेला आलेल्या माणसाचा पंखा जाळ्यात अडकला की हा सुरी काढून जाळे कापतो आणि वर म्हणतो, "मध्येच कशाला लावतात?" अरे, मध्ये तू आला आहेस. पोटासाठी पाण्यात उतरणारा आणि करमणुकीसाठी उतरणारा यांच्यात वाट कोणी सोडायची, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. साध्या वल्ह्याची कयाक बोये आणि खुंट बघून बाजूने काढता येते आणि चुकून जाळ्यावर गेलीच तर वरून घसरून जाते.

मग वाऱ्याने फुगवायची घे, स्वस्त आहे, डिकीत मावते, असे पुतण्याच्या मित्राचे म्हणणे. बाळा, तिवरांची श्वासमुळे खिळ्यांसारखी वर आलेली असतात. दगडांना आणि खुंटांना कालवे चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. आणि स्वतः तुझ्या हातात काय असते? गळ!

बंद पोटाची, आत पाय घालून बसायची कयाक दिसायला देखणी. पण उलटली की आत पाणी भरते आणि खोल पाण्यात ते उपसून परत आत बसणे शिकलेल्या माणसाचे काम आहे. वर बसायची कयाक उलटली तर सरळ करायची आणि पोट टेकून वर चढायचे. तळातून आरपार भोके असतात, त्यांतून पाणी आपोआप निघून जाते. लोक त्या भोकांना घाबरतात, "भोक असलेली होडी कशी घ्यायची?" म्हणतात. होडीचे पोट दोन थरांत बंद असते, भोके त्यातून नळीसारखी जातात, पोटात पाणी शिरत नाही.

ती पोकळ कशी बनते हे कळायला हमरापूरकराला पुस्तक लागू नये. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात साच्यातून पोकळ मूर्ती काढतात की नाही? कयाकची जातकुळी तीच. धातूच्या साच्यात प्लॅस्टिकची पूड घालतात, साचा तापवतात आणि दोन दिशांनी फिरवत ठेवतात. पूड वितळून आतून सगळीकडे चिकटते. साचा नीट फिरला नाही तर कुठे जाड, कुठे पातळ. मूर्ती घेताना आपला कारागीर जिथे बोट ठेवून बघतो तिथेच इथेही बघा: कोपरे, वळणे, त्या भोकांच्या कडा आणि तळाचा मागचा भाग, जो ओढताना घासतो. अंगठ्याने दाबा, बोटाच्या पेराने वाजवा, उन्हाकडे धरून आत बघता आले तर बघा. पातळ जागा लगेच कळते. चित्रावरून कळत नाही.

रुंदी तीस ते चौतीस इंच असावी. त्याहून अरुंद कयाक वेगाने जाते, पण मासा ओढताना कलंडते. त्याहून रुंद असेल तर वल्हे मारताना हात कडेला आपटतात. उभे राहून गळ टाकण्याची हौस सोडून द्या. उंच खुर्चीचीही. जितके उंच बसाल तितका तोल नाजूक, हे आठवीच्या विज्ञानात शिकवले होते, आणि वर बसलेल्या माणसाचे अंग म्हणजे वाऱ्याला शीडच.

भाराचे गणितही करून टाकू. कंपनी जो भार लिहिते तो 'एवढ्याने बुडत नाही' अशा अर्थाचा असतो, 'एवढ्याने नीट चालते' अशा अर्थाचा नव्हे. त्याच्या सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ नये. माणूस ७८ किलो, सामान, पाणी, डबा, मासळीची पेटी मिळून १५ किलो. झाले ९३. त्याला ०.७ ने भागा. साधारण १३३ किलो क्षमता लिहिलेली कयाक पाहिजे. भाच्याने १०० किलोची पसंत केली आहे. भाच्याचे वजन मी इथे लिहीत नाही.

रंगाबद्दल मात्र मला खरोखर राग येतो. चौघांनाही ती पानाफांद्यांच्या नक्षीची, लष्करी गणवेशासारखी कयाक हवी आहे. कुणापासून लपायचे आहे? धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे बार्ज जातात. बार्जवरच्या माणसाला समोरचे खालचे पाणी नीट दिसत नाही, आणि दिसले तरी ते धूड जागच्या जागी थांबत नाही. तुम्ही पाण्याच्या वर हातभर, रंगाने चिखलासारखे. पिवळी घ्या, नाहीतर भगवी घ्या. जिताड्याला तुमच्या होडीचा रंग भावत नाही, वल्ह्याचा आवाज मात्र ऐकू जातो.

आता वेळ. कयाक कितीही चांगली घेतली तरी ती माणसाच्या हाताच्या जोरावर तासाला चार-पाच किलोमीटर जाते, आणि उधाणाची ओहोटी भरात आली की पाणीच माणसाच्या चालीने पळते. म्हणजे तुम्ही वल्हवत राहाल आणि समोरचे तिवराचे झाड तिथेच राहील. भरती-ओहोटीला साधारण सहा-सहा तास लागतात, पण पाणी सारख्या चालीने उतरत नाही. उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी जाते. आणि भरतीची वेळ आपल्या आज्या बोटांवर सांगत: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. खाडीत आत यायला त्याहून थोडा उशीर.

आता बघा काय होते ते. अमावास्येचा रविवार. मुंबईकर उठतो आठला, पोचतो अकराला. बाराला पाणी बांधाला टेकलेले, कयाक अलगद उतरते, सगळे खूश. ओहोटीबरोबर खाली जायला मजा येते. तीन-चारला पाणी सर्वात जोरात समुद्राकडे, आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे. दोघांची टक्कर झाली की लाटा उभ्या राहतात. परत फिरावे तर सरकत नाही. सहाला पाणी तळाला, बांध आणि होडी यांच्यामध्ये शंभर-दोनशे पावले चिखल, आणि अंधार. गेल्या हिवाळ्यात असेच दोघे पाहुणे चिखलाच्या कडेला होडीत बसून राहिले, नऊनंतर पाणी चढायला लागले तेव्हा गावातल्या पोरांनी विजेऱ्या घेऊन त्यांना बांधाला लावले. होडीतून उतरले नाहीत म्हणून बरे झाले. त्यांची कयाक भारीतली होती, पाण्याखालचे दाखवणारा टीव्हीही होता. त्यावर तिथी दिसत नव्हती.

म्हणून माझे म्हणणे, पैशाची वाटणी उलटी करा. लाखाच्या कयाकवर पाचशेचे जाकीट घालू नका. साधी कयाक आणि चांगले जाकीट घ्या. जाकीट फोमचेच, हवेचे नको, कारण पुन्हा तोच गळ. पोहणाऱ्याला पन्नास न्यूटनचे चालेल. न पोहणाऱ्याने आधी पोहायला शिकावे, कयाकचे वय जात नाही. जाकीट अंगावर, मागे बांधलेले नव्हे. शिट्टी, विजेरी आणि पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन. वल्हे दोरीने होडीला बांधलेले, कारण वल्हे गेले की तुम्ही ओंडका.

कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, गावातल्या होडीवाल्याला पैसे द्या आणि जा. अवश्य जा. पहिल्या दोन-तीन वेळा तरी तसेच जा, खाडी कुठे उथळ आहे ते तोच दाखवील. पण लाकडी होडीच खरी आणि हे प्लॅस्टिकचे खेळणे, असे म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींशीही माझे पटत नाही. लाकडी होडी दरवर्षी डागडुजी मागते, ती एकट्याने उचलत नाही, आणि आता ती बांधणारे हात तरी किती राहिले? खेळणे म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. खेळणे खेळण्यासारखे वापरावे, इतकेच.

आणि जिताडा लागलाच, तर एक अट. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी ज्याला मिठी मारता तो भला थोरला जिताडा ही बहुधा अंड्यांवरची नाहीतर पुढे अंडी घालणारी आई असते. पावसाळ्याच्या तोंडाला ही अंडी घालण्यासाठी खाडीच्या तोंडाशी जातात. तिचीच पिल्ले पुढे आपल्याकडची माणसे तळ्यात आणून सोडतात आणि वाढवतात. तेव्हा मधल्या आकाराचा एक घ्या, कालवण होईल. मोठी सोडा. पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना आहे, आपल्याला वल्ह्यांना नाही, असला वकिली मुद्दा पुतण्याने काढला होता. जून-जुलैत कयाक माझ्या पडवीत उलटी राहील, कुलूप माझे.

दिवाळीच्या सुट्टीत या असे मी मागच्या पत्रात लिहिले होते, ते जेवायला. पाण्यात उतरायला लक्ष्मीपूजनाच्या आसपास कुणी येऊ नये, अमावास्येचे उधाण असते. कार्तिक शुद्ध अष्टमी-नवमीला या, भांगाचे पाणी, ओढ कमी. सकाळी सहा-सातला भरती, म्हणजे आदल्या रात्री मुक्कामाला यावे लागेल. किती जण येणार ते आठ दिवस आधी कळवा.