थोडी राळ उडवतो

आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य रांगेत गेलं. रॉकेलची रांग, दुधाची रांग, रेशनच्या साखरेची रांग. नोकरीतून सुटलो तेव्हा मी एकच निश्चय केला होता, की यापुढे कशाच्याही रांगेत उभं राहायचं नाही. तो निश्चय २०२५ च्या फेब्रुवारीत मोडला, आणि मोडला तोही एका परक्या बाईपायी.

लगेच भुवया उंचावू नका. बाई आमच्या नातवाच्या फोनमध्ये राहते. तिचं नाव गान्यू. अर्धी माणूस आणि अर्धी छिलिन, म्हणजे चिनी पुराणातला एक दैवी प्राणी. लीयुए नावाच्या एका काल्पनिक बंदरात ती हजारो वर्षं सचिवाचं काम करते आहे. हजारो वर्षं फायली उपसायच्या आणि पेन्शनचा पत्ता नाही, हे ऐकून मला तिच्याविषयी एकदम आपुलकीच वाटली. मी स्वतः छत्तीस वर्षांतच टेकीला आलो होतो.

झालं असं, की नातवाची बारावीची परीक्षा तोंडावर आली. त्यानं आपण होऊन फोन माझ्या स्वाधीन केला (हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे) आणि म्हणाला, "आजोबा, महिनाभर माझा खेळ सांभाळाल? फार काही नाही. राळ तेवढी वाया जाऊ देऊ नका."

मला धुपात घालतात ती राळ ठाऊक. ती फोनमध्ये कशी ठेवतात हे विचारल्यावर त्यानं माझी शिकवणीच घेतली. 'गेनशिन इम्पॅक्ट' हा चिनी खेळ २८ सप्टेंबर २०२० ला निघाला. खेळायला फुकट. त्यातली पात्रं आपसूक मोठी होत नाहीत. पहिल्या पायरीवरून नव्वदाव्या पायरीवर त्यांना चढवावं लागतं, आणि मधे मधे वाट अडते. ती मोकळी करायला जिन्नस लागतात. गान्यूबाईंची यादी अशी: छिंगशिन नावाची फुलं १६८, बर्फाच्या एका अक्राळविक्राळ वेलीपासून मिळणारे गाभे ४६, विद्येसाठी ग्रंथ, आणि किरकोळ वाणसामान वेगळंच. आमच्या बहिणीच्या लग्नात मुलाकडच्यांनी दिलेली यादी याहून आखूड होती.

मी आज भांडायला बसलो आहे खरा, पण फुलांशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. छिंगशिन म्हणजे 'निर्मळ मन'. ही पांढरी फुलं उंच सुळक्यांच्या अगदी टोकावर उगवतात. हातापायांनी कडा चढायचा, मधेच दम संपला की खाली यायचं. पहिल्या दिवशी मी त्या बिचारीला अकरा वेळा दरीत लोटलं. "अहो, कोण पडलं?" असं हिनं स्वयंपाकघरातून तीनदा विचारलं. पण वर पोचलं, फूल हाती आलं, की कापडी पंख पसरून खाली तरंगत यायचं. काय सुख असतं! तोडलेलं फूल ४८ तासांनी पुन्हा उगवतं. पहाटे दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद पूजेसाठी तोडणाऱ्या मंडळींवर मी आजवर पुष्कळ तोंडसुख घेतलं. त्यांचं मन मला या वयात कळलं.

फुलांना राळ लागत नाही. चढा, तोडा, घरी या. भांडण पुढच्या जिनसांशी आहे.

राळ म्हणजे या खेळातली शिधापत्रिका. दर आठ मिनिटांनी एक, या हिशेबानं ती साठते. सुरुवातीला १२० वर थांबायची; नोव्हेंबर २०२० मध्ये मर्यादा १६० झाली, जून २०२४ मध्ये २००. मर्यादा गाठली की साठणं बंद, पुढची मिनिटं पाण्यात. आता ती बर्फाची वेल. तिला लोळवायला दोन मिनिटं पुरतात. पण लोळवल्यावर गाभा उचलायचा तर ४० राळ मोजायची, आणि एका खेपेला हाती येतात दोन किंवा तीन. ४६ गाभ्यांना अठरा खेपा धरा. अठरा गुणिले चाळीस, सातशे वीस राळ. तिला आठानं गुणा: ५७६० मिनिटं, म्हणजे बरोबर चार दिवस. लढाई छत्तीस मिनिटांची आणि वाट पाहणं चार दिवसांचं!

ग्रंथांची तऱ्हा तर न्यारीच. गान्यूबाईंना लागणाऱ्या ग्रंथांचं नाव 'परिश्रम', आणि ते मंगळवार, शुक्रवार, रविवार या वारीच मिळायचे. "देवीचे वार आहेत, चांगलं आहे," ही म्हणाली. त्यातही आशियातल्या खेळाडूंचा वार आपल्याकडच्या रात्री दीड वाजता बदलतो. इतका सोवळा वार आमच्या आजीनंही पाळला नव्हता. साध्या तीन प्रतींची एक बरी प्रत, बऱ्या तीन प्रतींची एक उत्तम प्रत, असं करत तिन्ही विद्या दहाव्या इयत्तेपर्यंत न्यायच्या तर साध्या प्रतींच्या मापानं १२२४ ग्रंथ होतात. प्रत्येक वेळी गुहेत २० राळ ठेवायची, ती वेगळी.

आमचे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणाले, "अहो, यानं पोरांना चिकाटी येते." मला हे साफ नामंजूर. कडा चढताना अकरा वेळा पडून बाराव्यांदा चढणं, ही चिकाटी. काटा दोनशेवर जाण्याआधी तो रिकामा करायला दररोज हजर राहणं, ही हजेरी. राळेचा गुण चिकटवण्याचा, चिकाटीचा नव्हे. नाव ठेवणाऱ्यानं निदान नाव तरी प्रामाणिक ठेवलं.

आणि रांगेविषयी मला कुणी शिकवू नये. आम्ही रेशनच्या रांगेत उभे राहिलो, कारण साखर खरोखरच कमी होती. इथं कमी काय आहे? चित्रातल्या ग्रंथाची आणखी एक प्रत काढायला ना कागद लागतो ना शाई. म्हणजे ही टंचाई आलेली नाही, आणलेली आहे. वर मागचं दार उघडं आहेच. खेळातले हिरे दिले की दिवसातून सहा वेळा, दर वेळी ६० राळ जास्तीची मिळते, दर वाढत जातो, आणि हिरे खऱ्या पैशांनी घेता येतात. आमच्या काळी रांग लावणारा वेगळा आणि मागच्या दारानं विकणारा वेगळा, एवढी तरी लाज होती.

हेही मी हसून सोडलं असतं. पण भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री, दीड वाजून गेल्यावर, माझ्या खोलीचं दार हळूच उघडलं. मला वाटलं, पोराला ताप आला की काय. तो कुजबुजला, "आजोबा, झोपलात का? वार बदललाय. राळ भरली असेल हो."

मग मला झोप लागली नाही. फोन त्यानं केव्हाच सोडला होता. त्या घड्याळानं मात्र त्याला सोडलं नव्हतं. खेळ म्हणजे वाटेल तेव्हा टाकून उठता येतं तो. जो न खेळतानाही आपल्याकडून वसुली करतो त्याला आमच्याकडे सावकार म्हणतात.

सकाळी मी त्याला सांगून टाकलं, "तुझी परीक्षा संपेपर्यंत मी राळेला हात लावणार नाही. वाया जाईल. जाऊ दे." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला झोपला आणि सकाळी सहापर्यंत उठला नाही. दोनशेवरचा काटा हलला नाही. आभाळही कोसळलं नाही.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी आम्ही दोघं फोन घेऊन गॅलरीत बसलो. यादीतली सात फुलं राहिली होती. तो चढत होता, मी बोटानं वाट दाखवत होतो. दोनदा पडलो, पण सात फुलं आणली. राळ किती साठली आहे हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तेवढ्यात ही बाहेर आली. "अहो, आज मंगळवार. परिश्रमाचा वार ना?"

"हो," मी म्हणालो. मला वाटलं, हिलाही खेळाची गोडी लागली.

"मग दळण घेऊन जा गिरणीत."

गिरणीत माझ्यापुढे पाच डबे होते. मी रांगेत उभा राहिलो.