गाडलेल्या पाण्याची मोजणी

युद्धाची झळ माणसांइतकीच पाण्याच्या व्यवस्थेलाही बसते. पाट राखणारे परागंदा होतात, बांधांना खांडी पडतात आणि दोन पिढ्यांनंतर पाणी कोठून वाहत होते हे सांगणाराही उरत नाही. म्हणूनच युद्धग्रस्त अफगाणिस्तानात उपग्रहचित्रांच्या आधारे ओलिताखालील जमिनीचे नकाशे तयार करण्यात आले. तेथेच, १९७६ साली सुरू होऊन यादवीत रखडलेले हरिरूद नदीवरील सलमा धरण भारताने २०१६ साली पूर्ण केले. ७५ हजार हेक्टर शेती भिजविणे हे त्याचे उद्दिष्ट. परक्या भूमीवर दिसलेला हा पुरुषार्थ आपल्या अंगणात का दिसू नये?

संघर्षानंतर घडी बसविण्याची परंपरा ठाण्याला आहे. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. विजयाने कार्य संपले असे त्या पिढीने मानले नाही. १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंदा तलावाकाठी कौपिनेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले.

आज येथे शत्रू नाही, तरीही तलाव बुजतात. ठाण्यात पूर्वी साठांहून अधिक तलाव होते असे जुने लोक सांगतात. आज पस्तीसच्या आसपास उरले आहेत. कल्याण-डोंबिवलीत ओढ्यांचे नाले झाले. खाडीकाठच्या खारजमिनींचे बांध आणि उघाड्या विस्मरणात जात आहेत. २६ जुलै २००५ चा प्रलय आठवा. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही; विसरतो तो समाज!

देशातील जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत २४ लाखांहून अधिक जलसाठे नोंदले गेले. परंतु उपग्रहाला दिसते ते आजचे पाणी. गाडलेला तलाव त्याला दिसत नाही. तो शोधायचा तर भूमी अभिलेखातील जुने मोजणी नकाशे संगणकावर घेऊन, देऊळ, विहीर, शीव अशा न हललेल्या खुणांच्या आधारे आजच्या उपग्रहचित्रावर बसवावे लागतील. मग प्रत्यक्ष फिरून, आगरी-कोळी बांधवांतील वृद्धांना विचारून प्रत्येक खूण पडताळावी लागेल. हे शेवटचे काम कोणतेही यंत्र करणार नाही.

महापालिकांनी असे नकाशे जनतेसाठी खुले करावेत आणि विकास आराखड्यात ते बंधनकारक मानावेत. अन्यथा ती केवळ शोभेची चित्रे ठरतील. मात्र शासनाची वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नव्हे. प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी आपला एक तलाव, एक ओढा नोंदविण्याचे दायित्व घ्यावे. ज्याची नोंद नाही, त्याचे रक्षण कोणी करायचे आणि कशाच्या आधारावर?