हजेरी कुणाची, पाळत कुणावर?

देशातल्या शहाण्यांचा एक वाद गेली काही वर्षे जोरात चालू आहे. माणसाचा खासगीपणा म्हणजे काय, यंत्राने माणसाला किती ओळखावं, सुरक्षितता मोठी की स्वातंत्र्य मोठं. इंग्रजीत बोलणारे या वादात पुढच्या रांगेत, मराठी पांढरपेशे मधल्या रांगेत, आणि आपण मांडवाच्या बाहेर. आपलीच पोरं म्हणतात, 'ही बंगलेवाल्यांची भानगड आहे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं झोपतात, तिथं कसला आलाय खासगीपणा?' असं बोललं की टाळ्या पडतात.

मित्रांनो, मला हे म्हणणं साफ नामंजूर आहे. ज्याच्या दाराला पिढ्यान् पिढ्या कडी आहे, त्याला कडीची किंमत काय कळणार? ती कळते ज्याच्या दारात पाटील, फौजदार, सावकार कधीही उभा राहत होता त्याला. पाळतीचा सगळा इतिहास आपल्या अंगावर लिहिलेला आहे. आणि पाळतीविरुद्धच्या लढाईत मात्र आपण नाही? हे कसं चालेल?

'हजेरी' हा शब्द घ्या. शाळेतली नव्हे, चावडीवरची. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांनी गावच्या चावडीवर जाऊन सांगायचं, मी इथंच आहे, कुठं गेलो नाही. चोरी कुठं झाली, कुणी केली, याच्याशी संबंध नाही. जात हाच पुरावा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली हुकूम काढून ही हजेरी बंद केली. शाहूंना कळलं होतं की ज्याला रोज आपण कुठं आहोत हे सांगावं लागतं, तो माणूस मोकळा नाही.

तिकडे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माला येणं हाच गुन्हा ठरवला. पुढे १९११ च्या कायद्याने या जमातींतल्या माणसांच्या बोटांचे ठसे घ्यायची मुभा दिली. सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, ही माणसं कायद्याच्या कागदावरून सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षे उशिरा. आणि फौजदाराच्या डोक्यातून पारधी अजून सुटलेला नाही.

ठशाची जन्मकथाही ऐकून ठेवा. १८५८ साल. बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याची खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई नावाच्या देशी माणसाशी त्याने करार केला आणि सहीबरोबर त्याच्या आख्ख्या पंजाचा शाईचा ठसा कागदावर घेतला. कशासाठी? पुढे सही नाकारायची त्याची छाती होऊ नये म्हणून. हे हर्शेलनेच लिहून ठेवलंय. आदल्याच साली बंड झालं होतं, साहेबाला काळ्या माणसाचा भरवसा वाटत नव्हता. बोटांच्या ठशांचं कार्यालय कलकत्त्यात १८९७ साली उघडलं. लंडनच्या पोलिसांचं तसलं कार्यालय त्यानंतर झालं. म्हणजे यंत्रणा आधी आमच्या हातावर शिकली, मग जगभर गेली.

आता पुढे या. आधारचा पहिला क्रमांक दिला गेला २९ सप्टेंबर २०१० ला. मलबार हिलवर नाही, दिल्लीच्या लोधी इस्टेटीत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, आदिवासी गावात. मोठमोठे पुढारी आले, फोटो निघाले. भाषणाला आमचं भलं आणि प्रयोगाला आमचं बोट, ही जुनी रीत आहे.

मी गोदीत काम करतो. कधी पोलादाची भेंडोळी, कधी गंधक, कधी डाळीची पोती. सहा वर्षांत अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या. गेटावर हजेरीचं यंत्र आहे. अंगठा ठेवला की लाल दिवा. परत ठेवा, परत लाल दिवा. तिसऱ्या खेपेला कंत्राटदाराचा माणूस म्हणतो, 'आज तुझी अर्धी पाळी.' मी समोर उभा आहे, माझी टोळी साक्षीला आहे, मुकादम मला नावाने हाक मारतो. पण मी आलोच नाही, कारण यंत्र तसं म्हणतं. काम करून अंगठा झिजला, आणि अंगठा झिजला म्हणून कामाचा पैसा कापला. याला काय म्हणायचं? शाळेत मास्तर म्हणायचे, 'शिका, नाहीतर जन्मभर अंगठा उठवाल.' शिकलो. मॅट्रिक झालो. सही करायला लागलो, कविता लिहायला लागलो. आता व्यवस्था म्हणते, सही राहू दे, अंगठा आण. एकलव्याचा एकदाच घेतला. आमचा रोज मागतात.

आणि हे एकट्या माझं रडगाणं नाही. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत आधारची ओळख न पटण्याचे अंदाज दिले होते. झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के. त्याच झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी मेली. आधारशी जोडलं नाही म्हणून घरचं रेशनकार्ड रद्द झालं होतं. आई म्हणाली, पोर भात मागत गेली. अधिकारी म्हणाले, मलेरियाने गेली. घरात धान्य नव्हतं, एवढं तरी मलेरियाने झालं नव्हतं ना?

यावर लगेच शहाणा विचारतो, 'ज्याने काही केलं नाही त्याला लपवायचं काय?' या प्रश्नाला खडकसिंगने कधीच उत्तर दिलंय. उत्तर प्रदेशातला माणूस. दरोड्याच्या संशयावरून धरला, पुरावा नाही म्हणून सोडला. तरी पोलिसांनी त्याचं नाव पाळतीच्या यादीत घातलं आणि रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठावायला लागले. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९६२ साली कोर्टाने रात्रीचं दार ठोठावणं बंद केलं, पण सांगितलं की खासगीपणा हा काही घटनेतला मूलभूत हक्क नाही. हे शेवटचं वाक्य पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, हक्क आहे. गरिबाला भाकरी पाहिजे, हे हक्क-बिक्क त्याला कशाला, असा युक्तिवाद तिथंही झाला होता. कोर्टाने तो फेकून दिला. आणि आमची पोरं नेमका तोच युक्तिवाद उचलून चळवळीच्या सभेत मांडतात!

बाबासाहेबांनी काय केलं होतं ते तरी बघा. मार्च १९४७ मध्ये त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं. त्यात मूलभूत हक्कांच्या यादीत त्यांनी घातलं होतं की माणसाचं शरीर, त्याचं घर, त्याचे कागद, त्याच्या चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होता कामा नये. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशीच दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेब म्हणाले, मी ती स्वीकारायला तयार आहे. सभागृहाने मत घेऊन ती पाडली. ज्याला गावात घर भाड्याने मिळत नव्हतं, त्या बापाने घराच्या उंबऱ्यासाठी कलम मागितलं होतं. आणि आपण म्हणायचं ही बंगलेवाल्यांची चैन?

पुढची गंमत ऐका. २६ सप्टेंबर २०१८ ला आधारचा निकाल लागला, चार विरुद्ध एक. बँकेच्या खात्याला आधार सक्तीचं नाही. मोबाइलच्या सिमकार्डाला नाही. खासगी कंपनीला करारावर मागता येणार नाही. इन्कमटॅक्सच्या पॅनकार्डाला मात्र लागणार. आणि रेशनला? लागणार. सरकारकडून काही घेतो त्याला अंगठा लागणारच. वर्षानुवर्षे वाद घालून मधल्या वर्गाने आपलं खातं आणि आपला फोन सोडवून घेतला. रांगेतली म्हातारी रांगेतच राहिली. वादात आपण नव्हतो, म्हणून निकालात आपला वाटा हा असा.

खासगीपणाचं या व्यवस्थेला वावडं आहे असंही नाही, बरं का. कुणाचा, एवढाच प्रश्न. २०१८ साली निवडणूक रोखे आले. कंपनीने कुठल्या पक्षाला किती कोटी दिले, हे मतदाराला कळायचं नाही. देणाऱ्याचा खासगीपणा जपायचा, असं सरकारने कोर्टात सांगितलं. सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला हे रोखे घटनाबाह्य ठरवले, तोवर सहा वर्षे पडदा होता. तेवढ्याच सहा वर्षांत पाच किलो धान्यासाठी पडदा नव्हता. २०२३ साली वैयक्तिक माहिती जपायचा कायदा आला. त्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवली आणि त्याच दमात माहिती अधिकाराचं कलम आवळलं. म्हणजे साहेबाची माहिती मागितली की ती 'वैयक्तिक', आणि आमची माहिती म्हणजे धर्मशाळा. कुणीही यावं.

कामाच्या ठिकाणीही तेच. २०२० सालापर्यंत नागपूर, चंडीगढ अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएसचं घड्याळ बांधून झालं होतं. झाडूवाला कुठं थांबला, किती वेळ बसला, हे कचेरीत पडद्यावर दिसायचं. गटारात माणूस उतरवणाऱ्या ठेकेदाराच्या मनगटाला कुणी घड्याळ बांधलं? त्याचा ठिपका कुठल्या पडद्यावर दिसतो?

चळवळीतल्या पोरांनी आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवावी. 'विद्रोही' मासिकाचे संपादक, कवी सुधीर ढवळे यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झाली. ते सुटले जानेवारी २०२५ मध्ये, जामिनावर. साडेसहा वर्षे, आणि खटला उभा राहिलेला नव्हता. याच प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधली पत्रं पुरावा म्हणून दाखवली गेली. २०२१ साली आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन तपासणी कंपनीने अहवाल दिला की त्या लॅपटॉपमध्ये बाहेरून कुणीतरी घुसलं होतं आणि फायली घातल्या होत्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. पण विचार करा. पूर्वी घरात काडतूस ठेवायला पोलिसाला घरात यावं लागायचं. आता लागत नाही. मग 'मी काही केलं नाही, मला काय भीती' हे वाक्य कुणाच्या जिवावर म्हणायचं?

म्हणून यंत्र फोडा असं मी म्हणत नाही. जुलै २०१६ मध्ये ऊनाला आपल्या पोरांना मारलं, त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला, मिरवायला. तोच व्हिडिओ देशभर फिरला आणि गुजरातेत लोक रस्त्यावर आले, मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीपुढे टाकून म्हणाले, घ्या, तुमची आई तुम्ही उचला. मोबाइल आपल्याही हातात आहे. पण तो हातात असण्याची किंमतही आपणच मोजतो. मे २०१५ मध्ये शिर्डीत आपल्या एका पोराचा खून झाला. कारण मोबाइलची रिंगटोन. गाणं बाबासाहेबांचं. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर जाडजूड पुस्तकं लिहिणारे सरकारच्या कात्रीपाशी थांबतात. इथं सरकार नव्हतं, कात्री नव्हती. गाणं ऐकून डोकं फिरलेली जात होती. आपल्या स्वातंत्र्याचा गळा वरून सरकार दाबतं आणि बाजूने गाव दाबतो. जो वाद पहिल्या हाताबद्दलच बोलतो तो अर्धा आहे. दुसरा अर्धा आपण मांडायचा. दुसरं कोण मांडणार?

पांढरपेशा स्वातंत्र्यवादी म्हणतो, सरकारने माझी काही नोंदच ठेवू नये. त्याला परवडतं. आपल्याला नोंद पाहिजे. जातीचा दाखला पाहिजे, जातवार जनगणना पाहिजे, अत्याचाराची एफआयआर पाहिजे, कामाचा मस्टर पाहिजे. नोंद हा हक्काचा कागद आहे. पाळत ही गळ्यातली दोरी आहे. दोन्हीतला फरक ओळखायची खूण सोपी: वही कुणाच्या हातात आहे आणि ती आम्हाला वाचता येते का. जी वही आमच्याबद्दल आहे पण आम्हाला उघडता येत नाही, ती चावडीवरची हजेरी. मग ती पाटलाच्या बासनात असो, नाहीतर संगणकात.

तेव्हा मागण्या सरळ ठेवा. अंगठा उमटला नाही म्हणून कुणाचं धान्य, मजुरी, पेन्शन थांबता कामा नये. माणूस समोर उभा आहे हा पुरावा पुरे. कामगाराच्या अंगावर यंत्र बांधायचं तर आधी युनियनला विचारा. संगणकातला पुरावा कोर्टात आणायचा तर आरोपीच्या माणसाला तो पहिल्या दिवशी तपासू द्या. आणि सत्तेचा हिशेब उघडा ठेवा: ठेके, देणग्या, पोलिसांच्या पाळतीचे हुकूम. खालच्याला पडदा, वरच्याला उजेड. आज याच्या बरोब्बर उलटं चाललंय.

शाहूंनी हजेरी एका सहीने बंद केली, कारण ते राजे होते. आपल्याकडे सही नाही. संघटना आहे. वस्तीत, नाक्यावर, युनियनच्या सभेत हा विषय काढा. रेशनच्या दुकानापुढे उभे राहा आणि कुणाकुणाला लाल दिवा दाखवून परत पाठवलं त्याची वही आता आपण लिहा. त्यांनी आपली हजेरी खूप घेतली. आता त्यांची आपण घेऊ.

जय भीम.